घरच्या घरी डिझेल गाडीचे इंजिन सांभाळताना: मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, फोर्डने २०२१ मध्ये भारतातले उत्पादनच थांबवायचे ठरवले. तरी स्विफ्ट, डिझायर, फिगो, डस्टर, इनोव्हा या डिझेल गाड्या आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमधून रोज निघतात. वॉरंटी केव्हाच संपली आहे, सर्व्हिसचे बिल दरवर्षी चढते आहे आणि भरवशाचा मेकॅनिक नेमका मे महिन्यात गावी जातो. अशा मालकांसाठी ही उत्तरे आहेत. डीडीआयएस, सीआरडीआय, डीसीआय, टीडीसीआय ही कंपन्यांनी दिलेली नावे. आत सगळीकडे कॉमन रेलच आहे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून जास्त दाबाचे डिझेल मिळते. इथला एखादा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलशी जुळला नाही, तर मॅन्युअल खरे माना.

घरी कुठपर्यंत हात घालायचा?

डिझेल फिल्टरपर्यंत. हवा, ऑइल, कूलंट, बॅटरी, बेल्ट नुसता तपासणे, फिल्टर बदलणे, स्कॅनर लावून बिघाडाचे कोड वाचणे, एवढे सगळे घरी होते. फिल्टरच्या पुढे हाय-प्रेशर पंप, रेल आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर लागतात. तिथे पाना लावायचा नाही.

कारण साधे आहे. टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. कॉमन रेलमध्ये डिझेल सोळाशे बारपर्यंत, काही गाड्यांत त्याहूनही जास्त दाबाखाली असते. पाइपाच्या नटातून निघालेली बारीक धार दिसत नाही, पण कातडीतून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही आणि काही तासांत बोट किंवा हात धोक्यात येतो. असे झाले तर मलम लावून घरी बसायचे नाही, तडक मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठायची आणि डिझेल दाबाने आत गेले आहे हे स्पष्ट सांगायचे.

जुन्या इंडिकावर शिकलेले मेकॅनिक इंजेक्टरचा नट सैल करून सेल्फ मारायचे आणि एअर काढायचे. त्या इंजिनात ते चालत होते. कॉमन रेलवर कोणी असे करायला लागला, तर गाडी तिथून उचला.

टायमिंग बेल्टही घरचे काम नाही. डस्टरच्या दीड लिटर इंजिनाला बेल्ट आहे, स्विफ्टच्या १.३ला चेन आहे. बेल्टची मुदत मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्हींत दिलेली असते. मुंबईत गाडी कमी फिरते, त्यामुळे बहुतेकांची आधी वर्षे भरतात, आणि तेच लक्षात राहत नाही.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये असे काम करू देतात का?

बॅटरी आणि फिल्टर बदलताना कोणी विचारत नाही. ऑइल काढायला गाडीखाली शिरलात की वॉचमन येतो, मग सेक्रेटरी. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नसते. पोडियमच्या लादीवर ऑइलचा डाग पडला की जात नाही आणि तिथून स्कूटर घसरते. खाली जाड प्लास्टिक आणि त्यावर पुठ्ठा अंथरा, लाकडाच्या भुशाची पिशवी जवळ ठेवा. तळघराच्या पार्किंगमध्ये इंजिन बराच वेळ चालू ठेवायचे असेल तर तिथे थांबू नका, गाडी उघड्यावर आणा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचे नाही. खाली दोन जॅक स्टँड हवेतच, आणि जमीन सपाट हवी. उतारावर पार्किंग मिळाले असेल तर खालून करायची कामे विसरा.

हत्यारे कोणती लागतात?

आठ ते एकोणीस नंबरचे रिंग पाने, गोटी पान्यांचा एक बरा सेट, ॲलन की, टॉर्क्सचे बिट, पक्कड, डोक्याला लावायचा टॉर्च, मल्टिमीटर आणि ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा टॉर्क रेंच. शेवटची वस्तू लोक टाळतात. इंजिनाखालच्या ॲल्युमिनियमच्या ऑइल चेंबरला मनगटाच्या अंदाजाने बोल्ट आवळला की आटे जातात आणि थोडे पैसे वाचवताना चेंबर बदलायची पाळी येते. मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर ही सगळी हत्यारे मिळतात. स्वस्त गोटी सेट मात्र घेऊ नका. तो बोल्टची कड गोल करून ठेवतो.

ऑइल कोणते आणि किती दिवसांनी बदलायचे?

बीएस-४ (भारत स्टेज, म्हणजे प्रदूषणाचे सरकारी मानक) पर्यंतच्या बहुतेक छोट्या डिझेल गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. पण दादर-परळ-बीकेसीच्या ट्रॅफिकमध्ये मीटर पुढे सरकत नाही आणि इंजिन मात्र चालूच असते. रोजचा प्रवास असा असेल तर मी आठ हजारांच्या पुढे थांबणार नाही.

ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच. मुंबईत थंडी नाही म्हणून जाड ऑइल टाका, असा सल्ला दुकानदार देतात. जुन्या इंडिकाला १५-डब्ल्यू-४० ठीक आहे. टर्बो आणि बारीक ऑइल-वाटा असलेल्या इंजिनाला ५-डब्ल्यू-३० सांगितले असेल तर तेच टाका. बीएस-६ गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, तिला कमी राखेचे ऑइल लागते. डब्यावर एसीईए सी-२ किंवा सी-३ यांतले मॅन्युअलने सांगितलेले मानक छापलेले आहे का ते पाहा. साधे ऑइल जळून जी राख होते ती डीपीएफमध्ये साठते आणि पुन्हा जळून जात नाही.

ऑइल बदलायची पद्धत सांगाल का?

गाडी एक फेरी मारून आणा म्हणजे ऑइल पातळ होते, आणि मग दहा-पंधरा मिनिटे थांबा. उकळते ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत येते. आधी वरचे झाकण उघडा, मग खालचा गार्ड काढा. गार्डच्या क्लिपा प्लास्टिकच्या असतात आणि दोन-तीन तुटतातच, तेव्हा आधीच आणून ठेवा. ड्रेन बोल्ट शेवटचे दोन आटे राहिले की आत दाबून धरत फिरवा आणि एका झटक्यात बाजूला घ्या. ऑइल सरळ खाली पडत नाही, आधी पुढे उडते. टोपले त्या हिशेबाने ठेवा.

बोल्टचा वॉशर नवा घाला. तांब्याचा वॉशर एकदा दबला की त्याचे काम संपले. स्विफ्टमधल्या १.३ मल्टिजेट इंजिनात फिल्टर कागदी, प्लास्टिकच्या डब्यात बसणारा असतो. त्याच्या झाकणाची रबर रिंग फिल्टरच्या खोक्यात येते. जुनी काढून नवी, ऑइलचे बोट फिरवून, त्याच खाचेत बसवा. वरच्या दुसऱ्या खाचेत बसली तर झाकण आवळले जाते आणि दोन दिवसांनी इंजिन चहूबाजूंनी ओले दिसते. नव्या ऑइलचे प्रमाण मॅन्युअलमध्ये असते, १.३ला तीन लिटरच्या आसपास, मोठ्या इंजिनांना दुप्पटही. थोडे कमीच ओता, इंजिन एक मिनिट चालवा, पाच मिनिटे थांबून ऑइलची पातळी दाखवणारी काडी पाहा आणि मग भरत जा. जास्त झालेले काढणे फार कटकटीचे असते.

गाडीखाली शिरायला जागाच नसेल तर काडीच्या नळीतून ऑइल ओढणारा हातपंप मिळतो. तळाशी थोडे उरते, पण भाड्याच्या स्टॅक पार्किंगमध्ये गाडी ठेवणाऱ्याला दुसरा मार्ग नाही.

कालच बदललेले ऑइल आज काळे कसे?

डिझेलची काजळी ऑइल धुऊन घेते, म्हणून. ते त्याचे कामच आहे. पेट्रोल गाडीच्या सवयीने रंगावरून ठरवू नका.

काडीवर ऑइलची पातळी आपोआप वाढली आहे. चांगलेच ना?

नाही. ऑइलमध्ये काहीतरी मिसळते आहे. काडी नाकाजवळ धरा. डिझेलचा वास आला तर एखादा इंजेक्टर गळतो आहे किंवा डीपीएफची सफाई सारखी अर्धवट राहते आहे. झाकणाखाली दुधाळ, पिवळट चिकट थर असेल तर कूलंट आत येत असण्याची शक्यता आहे. पावसाळ्यात फक्त जवळ जवळ फिरणाऱ्या गाडीत असा हलका थर नुसत्या बाष्पानेही धरतो. म्हणून कूलंटची पातळीही पाहा. तीही उतरत असेल तर गाडी हलवू नका.

पातळी जास्त वाढली, किंवा टर्बोचे सील गेले, की हे ऑइल हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरते. डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही, जळणारे काहीही चालते. मग किल्ली बंद केली तरी इंजिन स्वतःचेच ऑइल पीत वाढत्या वेगाने पळत राहते आणि मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट येतो. मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर ब्रेक गच्च दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा, इंजिन दबून बंद पडेल. ते जमले नाही तर सगळ्यांना लांब न्या. बोनेट उघडून वाकून बघण्याची ही वेळ नाही.

डिझेल फिल्टरमधले पाणी काढायचे म्हणजे काय?

डिझेलमध्ये थोडेफार पाणी असतेच. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत, आपल्या टाकीत, दमट हवेत ते जमते आणि पावसाळ्यात जास्त. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून फिल्टरच्या तळाशी बसते. तिथून ते पुढे गेले तर हाय-प्रेशर पंप आणि इंजेक्टर गंजतात, आणि त्या दुरुस्तीच्या रकमेत एक जुनी बाइक येते.

बहुतेक फिल्टरांना तळाशी प्लास्टिकचा स्क्रू असतो. रात्रभर गाडी उभी राहू द्या. सकाळी सेल्फ न मारता, खाली नळी लावून तो स्क्रू दोन आटे सैल करा आणि पाव लिटरच्या पारदर्शक बाटलीत धार धरा. वरून हवा शिरत नसल्याने डिझेल उतरत नसेल तर वरचा हवेचा स्क्रू किंचित सैल करावा लागतो. बाटली दहा मिनिटे हलवू नका. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर धरतो, मधली रेघ चाकूने कापल्यागत स्पष्ट दिसते, आणि बाटली तिरकी केली की खालचा थर आधी सरकतो. पाण्यासोबत तपकिरी भुकटी आली तर टाकी गंजू लागली आहे. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा हे करा. डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागला तर त्याच दिवशी.

फिल्टर बदलला आणि आता गाडी सुरूच होत नाही.

सिस्टिमने एअर पकडली आहे, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा अडकली आहे. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर किल्ली ऑन करून दहा-पंधरा सेकंद थांबा, बंद करा, असे पाच-सहा वेळा करा. हातपंप किंवा रबरी फुगा असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. मग सेल्फ, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही आणि मध्ये अर्धा मिनिट विश्रांती.

नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून बसवण्याची पद्धत जुन्या गाड्यांपासून चालत आली आहे. कॉमन रेलमध्ये ती नको. फिल्टरच्या पुढच्या बाजूला ओतलेले डिझेल गाळलेले नसते आणि त्यातला एक कण इंजेक्टरला पुरतो. फिल्टर काढण्याआधी भोवतीची धूळ ब्रशने झटकणे आणि उघडी नळीची टोके स्वच्छ पिशवीने बांधणे, निम्मी सर्व्हिस याच दोन गोष्टींत आहे.

पंपावर चुकून पेट्रोल भरले.

किल्ली फिरवू नका, ऑनसुद्धा करू नका. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. हाय-प्रेशर पंपाला वंगण डिझेलचेच मिळते, पेट्रोलने ते धुऊन जाते आणि धातूचा कीस थेट इंजेक्टरपर्यंत पोचतो. चालवून झाली असेल तर जिथे आहात तिथेच बंद करा.

गाडी साचलेल्या पाण्यात बंद पडली. पुन्हा सेल्फ मारून बघू?

नाही. एकदाही नाही.

स्विफ्टचे १२४८ सीसीचे इंजिन घ्या. चार सिलिंडर, प्रत्येकी ३१२ सीसी. डिझेलमध्ये ही हवा साधारण सतरा पटीने दाबली जाते, म्हणजे पिस्टन वर पोचतो तेव्हा शिल्लक जागा वीस मिलिलिटरही नसते. चहाचे चार चमचे पाणी आत गेले की ती जागा भरली. हवा दबते, पाणी दबत नाही. पिस्टन वर यायला बघतो, त्याला वाट नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. पेट्रोल इंजिनात हीच जागा दीडपट-पावणेदोनपट असते, म्हणून एकाच पाण्यातून शेजारची पेट्रोल गाडी सुटते आणि डिझेल अडकते.

हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही ठिकाणे सगळ्यांना ठाऊक आहेत. गाड्या खोल पाण्यात शिरल्यामुळे मरतात असे वाटते, पण बऱ्याचदा पाणी गुडघ्याखाली असते आणि शेजारून बस जाते. तिच्या लाटेचा माथा बंपरच्या वर येतो, आणि हवा ओढणारे तोंड नेमके तिथेच, हेडलाइटच्या मागे असते. एकदा बोनेट उघडून ते तोंड शोधा आणि जमिनीपासून टेपने मोजा. पावसाळ्यात हा आकडा डोक्यात हवा. चाकाचा मध्य बुडेल एवढे पाणी दिसले की वळायचे.

बंद पडलीच तर ढकलून उंच जागी न्या आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. एअर फिल्टरचा डबा उघडा. कागद आणि डबा पूर्ण कोरडे असतील तर पाणी आत गेलेले नसण्याची शक्यता मोठी. कारण विजेचे असेल. कागद ओला असेल तर गाडी टोइंगनेच न्यायची. गॅरेजमध्ये हीटर प्लग (थंडीत सुरू करताना सिलिंडर तापवणारे) किंवा इंजेक्टर काढून, सिलिंडर मोकळे ठेवून इंजिन फिरवतात आणि पाणी बाहेर फेकतात. वेळेत केले तर बहुतेकदा तेवढ्यावर आणि ऑइल-फिल्टरवर निभावते.

विम्याचे आधी पाहून ठेवा. साध्या पॉलिसीत पाण्यात सेल्फ मारून झालेले इंजिनाचे नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचे वेगळे कव्हर घ्यावे लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तेव्हा हे कव्हर म्हणजे काय हे फारसे कोणाला माहीत नव्हते. आता मे महिन्यात रिन्यूअल करताना बाकी ॲड-ऑन खुशाल कापा, हे एक ठेवा.

धुराच्या रंगावरून काय ओळखायचे?

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. आधी एअर फिल्टर पाहा, मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे रबरी पाइप. पाइप फाटला असेल तर तिथे ऑइलचा ओला डाग आणि एक्सलेटर दाबताच फुस्स आवाज येतो; क्लॅम्प सैल असेल तर पाच मिनिटांचे काम. निळा धूर ऑइलचा. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर न जळलेल्या डिझेलचा आणि पांढरा, गोडसर वासाचा कूलंटचा. सकाळच्या पहिल्या मिनिटात दिसणारी पांढरट वाफ सोडून द्या.

गाडीला पिकअपच राहिला नाही. तीन हजार आरपीएमच्या वर जात नाही.

गाडी स्वतःला जपते आहे. कोड वाचा. मुंबईच्या डिझेल गाड्यांत संशयाचा पहिला मान ईजीआर व्हॉल्व्हला. संथ ट्रॅफिकमध्ये सायलेन्सरचा धूर परत इंजिनात फिरवला जातो, त्याची काजळी आणि ऑइलची वाफ एकत्र होऊन डांबर बनते आणि व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकतो. सहज हाताला येत असेल तर दोन-चार बोल्ट काढून, ईजीआर क्लीनर आणि मऊ ब्रशने तो घरी साफ होतो. गॅस्केट नवे हवे. खरवडलेली खपली इनटेकमध्ये पडू द्यायची नाही. आत मोटार असलेला व्हॉल्व्ह क्लीनरमध्ये बुडवायचा नाही, फक्त झडपेचे तोंड धुवायचे. पत्रा लावून ईजीआर कायमचा बंद करून देणारे पुष्कळ आहेत. ते बेकायदा आहे आणि नव्या गाड्यांत लगेच इंजिनचा दिवा लागतो.

स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर उपयोगाचा आहे का?

आहे, गॅरेजमध्ये जाण्याआधी काय बिघडले असावे याचा अंदाज घेण्यापुरता. पी-००८७ रेलमधला दाब कमी, पी-०२९९ टर्बोचा दाब कमी, पी-०४०१ ईजीआरचा प्रवाह कमी, पी-०३८० हीटर प्लगचे सर्किट. कोड म्हणजे निदान नव्हे. पी-००८७ आला की इंजेक्टर बदलायला सांगणारे भेटतात, आणि कारण अनेकदा तुंबलेला डिझेल फिल्टर असते. कोड लिहून ठेवा, मग पुसा, मग पुन्हा येतो का पाहा.

डीपीएफचा दिवा सारखा लागतो.

बीएस-६ डिझेलची मुंबईतली खरी अडचण हीच. साठलेली काजळी जाळायला फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो, आणि माहीम ते लोअर परळ ये-जा करून तो तापत नाही. दिवा नुसता स्थिर असेल तर ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोड किंवा टोलची तयारी असेल तर २१.८ किलोमीटरचा अटल सेतू गाठा. एक गिअर खाली ठेवून, आरपीएम दोन हजारांच्या वर, वेगमर्यादेत, पंधरा-वीस मिनिटे न थांबता. रविवारी सकाळी सहाला हे आरामात होते आणि वडा-पावही गरम मिळतो. घरी पोचल्यावर पंखा जोरात फिरत असेल आणि आयडल वाढलेले असेल तर सफाई चालू आहे, बंद करू नका. सोबत इंजिनचा दिवाही लागला किंवा डीपीएफचा लुकलुकू लागला तर हा उपाय संपला, वर्कशॉप गाठा.

हीटर प्लग गेल्यामुळे सकाळी गाडी उशिरा सुरू होते का?

मुंबईत सहसा नाही. इथे पारा पंधराच्या खाली जाणेच दुर्मीळ, त्यामुळे दोन प्लग मेलेले असले तरी गाडी सुरू होते आणि मालकाला पत्ता नसतो. महाबळेश्वरला डिसेंबरात मुक्काम केला की कळते. तपासणी घरी होते: तार काढून मल्टिमीटरने प्लगचे टोक आणि इंजिन यांतला रोध मोजा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा कमी दाखवतो, मेलेला काहीच नाही. काढायला मात्र जाऊ नका. वर्षानुवर्षे बसलेला प्लग हेडमध्येच तुटतो.

किल्ली फिरवली की फक्त टक आवाज.

बॅटरी किंवा तिची टोके. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी थकली. डिझेलला दाब जास्त असल्याने सेल्फला जोर लागतो, म्हणून कमी क्षमतेची स्वस्त बॅटरी टाकू नका. वर्सोवा-वरळीच्या खाऱ्या हवेत टोकांवर हिरवा-पांढरा चुरा फार लवकर धरतो. निगेटिव्ह आधी काढा, कोमट पाणी आणि खाण्याचा सोडा टाकून घासा, कोरडे करा, व्हॅसलीन लावा. बॉडीला जोडलेली अर्थची पट्टीही बघा; ती गंजलेली असली की नवी बॅटरीसुद्धा टकच करते.

उंदरांचे काय करायचे?

बाप्पाच्या वाहनाला आपले वाहन फार आवडते. इंजेक्टरची वायर, ध्वनिरोधक फोम आणि एअर फिल्टरचा कागद ही त्याची आवडती ठिकाणे. डांबरगोळ्या, तंबाखूची पुडी, फवारे, सगळ्यांचा असर काही दिवस. हवेच्या तोंडाला लोखंडी बारीक जाळी आणि गाडी दोन दिवसांआड हलवणे एवढेच खरे टिकते. कुरतडलेली वायर टेप गुंडाळून सोडू नका, सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी बसवा.

कसारा घाटात काटा वर चढला. कूलंट कमी असेल?

असेलही, पण गरम असताना झाकण उघडायचे नाही. शिट्टी न काढता प्रेशर कुकर उघडण्यातला प्रकार आहे. गाडी बाजूला घ्या, एसी बंद करा, निदान अर्धा तास जाऊ द्या. घरी आल्यावर पातळी, पाइपांचे सांधे, वॉटर पंपाखालचा वाळलेला रंगीत डाग आणि रेडिएटरचा पंखा तपासा. भरायचे ते कंपनीने सांगितलेले कूलंट, डिस्टिल्ड पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात. रंग सारखा दिसला म्हणून दोन जातींचे मिसळू नका.

पार्ट कुठे घ्यायचे?

नवे पार्ट ऑपेरा हाउसच्या स्पेअर मार्केटमध्ये, जुने कुर्ला-कालिना सीएसटी रोडवर. १.३ मल्टिजेटवाल्यांचे बरे आहे: फियाटच्या या इंजिनाने मारुती, टाटा आणि फियाट अशा तिन्ही घरांच्या गाड्या ओढल्या, त्यामुळे पार्टची चणचण नाही. तरी इंजिन नंबर आणि जुना पार्ट सोबत न्या. फिल्टर, सेन्सर आणि रबर जुन्या बाजारातून कधीच घेऊ नयेत. बाहेरचे ब्रॅकेट, डबे, झाकणे खुशाल घ्या.

पीयूसीत धूर जास्त दाखवतो.

गाडी थंड नेली असेल. डिझेलची चाचणी इंजिन रिकामेच झटक्यात रेस करून, धुराचा दाटपणा मोजून होते. आधी हायवेवर पंधरा मिनिटे चालवून थेट तिथे जा आणि त्याआधी एअर फिल्टर बदला. बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांची पीयूसी वर्षभर चालते. नसेल तर दंड दहा हजारांपर्यंत आहे.

दहा वर्षे झाली की डिझेल गाडी भंगारात काढावी लागते ना? मग हा खटाटोप कशाला?

दहा वर्षांचा वाद दिल्ली-एनसीआरचा. आपल्याकडे पंधरा वर्षांनी आरटीओत फिटनेस दाखवून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांनी वाढवता येते. वडाळा किंवा अंधेरीला गाडी नेताना ऑइल गळत नाही, धूर नाही आणि चासिस नंबर गंजलेला नाही, एवढे पाहून न्या.

काढलेले काळे ऑइल कुठे टाकायचे?

गटारात नाही, कचऱ्याच्या डब्यात नाही. आपली गटारे मिठी नदीत आणि खाडीत जातात. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. नव्या ऑइलच्याच रिकाम्या कॅनमध्ये गाळून भरा, पाणी किंवा कूलंट मिसळू देऊ नका आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये द्या. त्यांच्याकडे पिंप असते, पुनर्प्रक्रिया करणारे ते घेऊन जातात. जुना फिल्टरही रात्रभर उलटा ठेवून, निथळल्यावर सोबत द्या. गॅरेजवाला घ्यायला कुरकुर करत असेल तर पुढच्या वेळचे फिल्टर त्याच्याकडून विकत घ्या, लगेच घेईल.